सेंद्रियाचा शिक्का आणि बी-१२चे शून्य

भारतात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर आज तीन निरनिराळे सरकारमान्य शिक्के आढळू शकतात. ‘जैविक भारत’ हा शिक्का सांगतो, की माल सेंद्रिय पद्धतीने पिकवलेला आणि तसा प्रमाणित झालेला आहे. हिरव्या ‘व्ही’चा शिक्का सांगतो, की आत प्राणिजन्य काहीही नाही. ‘प्लस एफ’ हा शिक्का सांगतो, की पदार्थात ठरावीक जीवनसत्त्वे वा खनिजे ठरावीक प्रमाणात मिसळलेली आहेत. म्हणजे तो ‘फोर्टिफाइड’ आहे. प्रश्न तीन आहेत आणि उत्तरेही तीन आहेत. मात्र बदामाच्या, ओटच्या किंवा सोयाबीनच्या दुधाचे खोके हाती घेऊन उभा असलेला ग्राहक या सगळ्यांतून बहुधा एकच अर्थ काढतो : ‘चांगले’. आणि सेंद्रिय व फोर्टिफाइड यांत निवड करण्याची वेळ आली, तर आरोग्याबाबत सर्वांत जागरूक म्हणवणारा वर्ग सेंद्रियाच्या बाजूने झुकतो. सेंद्रिय म्हणजे निर्मळ आणि ‘मिसळलेले’ म्हणजे भेसळीच्या शेजारचे काहीतरी, अशी त्याची धारणा असते.

ही धारणा चुकीची आहे. श्रीमंत, मांसाहारी देशात ती फार तर महागडी हौस ठरेल. भारतात ती धोक्याची आहे, कारण येथे कोट्यवधी लोकांच्या आहारात दूध आणि दुधाचे पदार्थ हाच बी-१२ या जीवनसत्त्वाचा जवळजवळ एकमेव स्रोत आहे. तो स्रोत काढून त्याच्या जागी रिकामे पेय ठेवायचे आणि वर त्या रिकामपणालाच शुद्धता म्हणायचे, हा प्रकार विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तरी मुकाट्याने स्वीकारता कामा नये.

वनस्पतिजन्य दुधाला विरोध हा येथे मुद्दाच नाही. दुधातील लॅक्टोज न पचणाऱ्यांची संख्या भारतात मोठी आहे. जनावरांच्या वेदनांचा विचार करून दूध सोडणारे लोक आहेत, पर्यावरणासाठी सोडणारे आहेत, आणि केवळ चव आवडते म्हणून ओटचे दूध कॉफीत घालणारेही आहेत. ही सर्व कारणे रास्त आहेत. प्रश्न एवढाच आहे, की दुधाची जागा घेणाऱ्या पेयाने दुधाचे कोणते काम करायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे कोण ठरवणार?

सेंद्रिय प्रमाणपत्र हे शेताचे प्रमाणपत्र आहे. रासायनिक खत घातले का, कृत्रिम कीटकनाशक फवारले का, जनुकीय बदल केलेले बियाणे वापरले का, प्रक्रियेत कोणते पदार्थ वापरले, या प्रश्नांची ते उत्तरे देते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. मातीचे आरोग्य, शेतमजुराच्या अंगावर उडणारे विष, विहिरीत उतरणारे नायट्रेट यांच्याशी त्यांचा थेट संबंध आहे. परंतु प्यायलेल्या पेल्यातून शरीराला काय मिळाले, हा प्रश्न त्या प्रमाणपत्राने कधी विचारलेलाच नाही. सर्वोत्तम सेंद्रिय बदाम सर्वोत्तम पाण्यात वाटले, तरी त्यातून बी-१२ निघणार नाही. ते बदामात नसतेच. ते ओटमध्ये नसते, सोयाबीनमध्ये नसते, तांदळात नसते आणि नारळातही नसते.

यामागचे जीवशास्त्र विलक्षण आहे. बी-१२ हा रेणू केवळ काही जिवाणू आणि आर्किया तयार करू शकतात. त्याच्या केंद्रस्थानी कोबाल्टचा एक अणू असतो. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की ती उलगडण्यासाठी डोरोथी हॉजकिन यांना क्ष-किरण स्फटिकशास्त्राची सर्व ताकद पणाला लावावी लागली. हे काम १९५६ मध्ये पूर्णत्वास गेले आणि १९६४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्याचा मोठा वाटा होता. वनस्पतींना हा रेणू लागत नाही, म्हणून त्या तो बनवत नाहीत आणि साठवतही नाहीत. गायही तो बनवत नाही. तिच्या पोटातील पहिल्या कप्प्यात राहणारे जिवाणू तो बनवतात, गाय तो शोषून घेते आणि त्यातला काही भाग दुधात उतरतो. त्या जिवाणूंना कोबाल्ट कमी पडू नये म्हणून पशुखाद्याच्या खनिज मिश्रणात कोबाल्टचे क्षार मिसळण्याची पद्धतही जुनीच आहे.

आता फोर्टिफाइड ओटदुधातील बी-१२ कोठून येते ते पाहू. १९७० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट वुडवर्ड आणि अल्बर्ट एशेनमोझर यांच्या गटांनी हा रेणू प्रयोगशाळेत संपूर्णपणे जुळवून दाखवला, पण ती वाट इतकी लांबलचक होती, की कारखान्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. आजही जगभरचे बी-१२ टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून, किण्वनाने तयार होते. गोठ्यातले बी-१२ जिवाणूंचे आणि टाकीतलेही जिवाणूंचेच. एके ठिकाणी भांडे गाईचे पोट आहे, दुसऱ्या ठिकाणी पोलादी पिंप. कुंभार तोच, भट्टी तेवढी निराळी. तरीही पहिले ‘नैसर्गिक’ आणि दुसरे ‘केमिकल’ असे म्हणणाऱ्याने दही, इडली आणि ढोकळा यांनाही केमिकल म्हणण्याची तयारी ठेवावी. वनस्पतिजन्य पेयांत मिसळल्या जाणाऱ्या ड-२ या जीवनसत्त्वाची कथाही अशीच आहे : यीस्टमधील एर्गोस्टेरॉल या द्रव्यावर अतिनील किरण सोडले, की ते तयार होते. उन्हात माणसाच्या त्वचेत जे घडते, त्याच जातीची ही प्रक्रिया आहे.

हा वाद भारतात का तापला पाहिजे, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षे वयाच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १७ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या तब्बल ३१ टक्के मुलामुलींत बी-१२ची कमतरता आढळली. ड जीवनसत्त्वाची कमतरता याच तीन वयोगटांत अनुक्रमे १४, १८ आणि २४ टक्के होती. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी होती. त्यांतील ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होते. आणि सर्वांत वाईट अवस्था कोणाची होती? खेड्यातल्या गरिबाची नव्हे, झोपडपट्टीतल्या मजुराचीही नव्हे. शहरी मध्यमवर्गीय पुरुषांत हे प्रमाण ८१ टक्के होते. सेंद्रिय बदामदुधाचा भावी ग्राहक नेमका याच वर्गातला आहे. ज्याच्या रक्तात बी-१२ आधीच तळाला गेलेले आहे, त्यालाच ‘काहीही न मिसळलेले’ पेय अभिमानाने विकले जात आहे.

याच पुण्यातील माता-बालकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून २००८ मध्ये आणखी एक निष्कर्ष पुढे आला. गरोदरपणी ज्या मातांच्या शरीरात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. पालेभाज्या आणि डाळी यांवर पोसलेल्या आहारात फोलेट सहज मिळते, बी-१२ मिळत नाही. फोलेटमुळे रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालू राहते. म्हणून ‘हिमोग्लोबिन तर उत्तम आहे’ हे वाक्य बी-१२च्या बाबतीत दिलासा देणारे नाही.

या कमतरतेचा सर्वांत करुण चेहरा मात्र पुण्याच्याही आधी वेल्लोरला नोंदवला गेला होता. १९६२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी भारतीय तान्ह्या मुलांत दिसणाऱ्या एका लक्षणसमूहाचे वर्णन केले. ही मुले अंगावर पिणारी होती. त्यांचा विकास खुंटला होता, आधी जमलेल्या गोष्टी ती विसरत चालली होती, कातडीवर काळसर डाग पडत होते आणि हातापायांच्या अनैच्छिक हालचाली होत होत्या. मूळ कारण मातेच्या शरीरातील बी-१२चा अभाव हे होते. प्रौढाच्या यकृतात बी-१२चा साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे ‘दोन वर्षे झाली दूध सोडून, काहीही झाले नाही’ असे छातीठोकपणे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो जुन्या ठेवीवर जगत असतो. कमतरता असलेल्या मातेच्या पोटी जन्मलेल्या बाळाकडे ती ठेव नसते.

एवढे सगळे माहीत असताना सेंद्रिय पेयांत जीवनसत्त्वे का मिसळली जात नाहीत? उत्तर विज्ञानात नाही, ते नियमावलीत आहे. सेंद्रिय अन्नासंबंधीची कोडेक्सची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये स्वीकारली गेली. त्यांनुसार जीवनसत्त्वे आणि खनिजे सेंद्रिय पदार्थात मिसळता येतात, पण एका अटीवर : त्या पदार्थात ती मिसळणे कायद्याने बंधनकारक असेल तरच. युरोपीय संघाने हीच भूमिका अधिक काटेकोरपणे राबवली आणि ती कोणत्या टोकाला जाते, हे २९ एप्रिल २०२१ रोजी दिसले. नाटुमी ही जर्मन कंपनी सेंद्रिय सोया आणि तांदूळ पेयांत लिथोथॅम्नियम नावाच्या समुद्री शेवाळाची पूड घालत असे. हेतू सरळ होता : कॅल्शियम. युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला, की पेयाला कॅल्शियमयुक्त करण्यासाठी ही पूड घालता येणार नाही. त्याच नियमावलीत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधा खडू, काही कामांसाठी चालतो. पण कॅल्शियम वाढवण्यासाठी तो वापरू नये, अशी स्पष्ट अट आहे. म्हणजे द्रव्य तेच, मात्रा कदाचित तीच; आक्षेप फक्त ते पौष्टिक ठरण्यावर!

न्यायालयाने नियमाचा अर्थ लावला, त्यात त्याचा दोष नाही. दोष नियमाच्या गाभ्यातील गृहीतकाचा आहे. सेंद्रिय माल खाणारा माणूस विविध, समृद्ध आहार घेतो आणि त्याला वरून काही देण्याची गरज नसते, असे ते गृहीतक आहे. भाजलेल्या मांसाच्या शेजारी सेंद्रिय सोयापेयाचा पेला ठेवणाऱ्या जेवणाला ते कदाचित लागू पडेल. वरण, भात, भाजी, पोळी आणि दुधाऐवजी बदामपेय, या ताटाला ते लागू पडत नाही. शिवाय हा नियम म्हणजे निसर्गाची आज्ञा नव्हे. अमेरिकेत सेंद्रिय शिक्का मिरवणाऱ्या सोयादुधात जीवनसत्त्वे आणि खनिजे मिसळण्यास मुभा आहे आणि तसे दूध तेथे वर्षानुवर्षे विकले जाते. एकच वस्तू अटलांटिकच्या एका काठावर सेंद्रिय ठरते आणि दुसऱ्या काठावर ठरत नाही, तेव्हा ती सीमारेषा समितीच्या बैठकीत आखली गेलेली असते. माणसांनी आखलेली रेषा माणसांना पुसताही येते.

या बाजूने बोलू लागले, की काही आक्षेप ठरलेल्या क्रमाने पुढे येतात. त्यांतला पहिला : पूर्वजांना कोठे फोर्टिफाइड दूध मिळत होते? ते खरेच मिळत नव्हते. परंतु पूर्वज गाई-म्हशीचे दूध, दही, ताक घेत होते. न धुतलेल्या भाज्यांवरचे आणि उघड्या विहिरीच्या पाण्यातले जिवाणूही त्यांच्या पोटात जात होते. बी-१२चा थोडाफार अंश त्या वाटेनेही येत असावा. मात्र त्याच वाटेने पटकी आणि विषमज्वरही येत. पाणी शुद्ध झाले याचे दुःख कोणी करत नाही. मग पाण्याबरोबर जे गेले, ते स्वच्छ मार्गाने परत आणण्याला तरी विरोध का व्हावा? शिवाय पूर्वजांच्या रक्तातील बी-१२ कोणी मोजले नव्हते. ज्यांचे मोजले, त्या पुण्याच्या पुरुषांचे आकडे वर दिलेच आहेत.

दुसरा आक्षेप शेवाळाचा. निसर्गातच पर्याय आहे, स्पिरुलिना खा, असा सल्ला सेंद्रिय दुकानांत सर्रास दिला जातो. स्पिरुलिनात जे सापडते, ते बहुतांशी छद्म-बी-१२ असते. त्याची रचना खऱ्या रेणूसारखी दिसते, पण माणसाच्या शरीरात ते काम करत नाही. कुलपात बसणारी पण न फिरणारी किल्ली घराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या काय कामाची?

तिसरा आक्षेप प्रक्रियेचा : फोर्टिफाइड पेये म्हणजे कारखान्यातला अतिप्रक्रियायुक्त माल. येथे आरशात पाहण्याची गरज आहे. सेंद्रिय ओटपेयही दाणे भिजवून, दळून, विकरांनी त्यातील पिष्टाची साखर करून, गाळून, एकजीव करून, अतिउच्च तापमानाला तापवूनच खोक्यात भरले जाते. ते ओटच्या कणसातून थेंब थेंब गळत नाही. एवढी सगळी प्रक्रिया पवित्र आणि शेवटी पडलेली चिमूटभर जीवनसत्त्वे तेवढी अपवित्र, या न्यायाला तर्काचा आधार नाही.

चौथा आक्षेप सर्वांत समंजस वाटतो : ज्याला गरज असेल त्याने गोळी घ्यावी, इतरांच्या पेयात का मिसळावे? ज्याला आपली गरज कळते, त्याने गोळी जरूर घ्यावी. पण बी-१२ची कमतरता हळूहळू, मुकाट्याने येते. थकवा, मुंग्या, विसरभोळेपणा यांना माणूस वयाचे नाव देतो, कामाच्या ताणाचे देतो. रोजच्या अन्नातून मिळणारी मात्रा न कळणाऱ्यालाही मिळते. त्यातच आतड्याची बी-१२ शोषण्याची मुख्य यंत्रणा एका वेळी दोनेक मायक्रोग्रॅमच्या आसपासच थकते, त्यामुळे थोडे थोडे आणि वारंवार हा मार्ग शरीराला मानवतो. प्रौढाची दैनंदिन गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये २.२ मायक्रोग्रॅम अशी सांगितली आहे. ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले दोन-सव्वादोन. एवढ्यासाठी ‘शुद्धता’ भंगत असेल, तर त्या शुद्धतेची व्याख्याच तपासायला हवी.

या देशाला हा वाद नवा नाही. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून मिठात आयोडीन मिसळण्याचा प्रयोग केला आणि गलगंडाचे प्रमाण त्याने घटते, हे निर्विवाद दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे आयोडीनविरहित खाद्यमिठावर बंदी आली, २००० मध्ये ती निवडीच्या स्वातंत्र्याच्या नावाने उठवली गेली आणि काही वर्षांतच, २००५ च्या अधिसूचनेने, पुन्हा लागू करावी लागली. वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व घालणे तर १९५०च्या दशकापासून सक्तीचे आहे. आज आयोडीनच्या मिठाला कोणी भेसळ म्हणत नाही. ज्या पिढीने गलगंड पाहिला नाही, तिलाच ‘नैसर्गिक’ गुलाबी मिठाचे आकर्षण वाटू शकते.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. एक, फोर्टिफिकेशन हा शब्द उच्चारला की सर्व प्रश्न सुटतात, असे नाही. रेशनच्या तांदळात लोह मिसळण्यावर थॅलसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांच्या संदर्भात जे प्रश्न विचारले गेले, ते विचारण्याजोगेच होते. ज्याच्यापुढे दुसरा तांदूळ नाही, त्याच्या ताटात काय मिसळायचे, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. अ आणि ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात, त्यामुळे त्यांना वरची मर्यादा हवी. परंतु बी-१२साठी सुरक्षिततेची वरची मर्यादा ठरवण्याची गरज आजवर कोणत्याही प्रमुख पोषणसंस्थेला भासलेली नाही. लोहावरचा आक्षेप उचलून बी-१२वर चिकटवणे ही तर्काची उसनवारी झाली.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. फोर्टिफाइड म्हणवणाऱ्या पेयांचे उत्पादकही सोवळे नाहीत. बाजारातील अनेक बदामपेयांत बदामाचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के असतो. उरलेले बहुतांश पाणी. गाईच्या दुधात १०० मिलिलिटरला तीन ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने असतात. सोयापेय त्याच्या जवळपास पोहोचते, बदामपेय बहुधा एक ग्रॅमही गाठत नाही. अशा पाण्यात जीवनसत्त्वे टाकली म्हणून ते दुधाचे बरोबरीदार होत नाही. अमेरिकेच्या २०२० ते २०२५ या काळासाठीच्या आहारविषयक शिफारशींनी वनस्पतिजन्य पेयांपैकी फक्त फोर्टिफाइड सोयापेयालाच दुग्धगटात स्थान दिले, ते याच कारणाने. मिसळलेले कॅल्शियमही पुष्कळदा खोक्याच्या तळाशी बसते. न हलवता ओतणाऱ्याला वरचे पाणी मिळते आणि खोक्याबरोबर कॅल्शियम कचऱ्यात जाते.

याची किंमत कोण मोजते, ते २००१ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात नोंदवलेल्या दोन अमेरिकी बालकांच्या कहाणीवरून कळते. स्तनपान सुटल्यावर एकाला तांदळाचे पेय दुधासारखे दिले जात होते. त्याला प्रथिनांच्या अभावाने क्वाशिओरकोर झाला. दुसऱ्याला ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम न मिसळलेले सोयापेय दिले जात होते. त्याला मुडदूस झाला. डॉक्टरांनी एक गोष्ट आवर्जून लिहिली : दोन्ही मुलांचे पालक सुशिक्षित आणि काळजीवाहू होते आणि मुलांना नियमितपणे डॉक्टरांकडे नेले जात होते. त्यांनी हयगय केली नव्हती. त्यांनी खोक्यावर विश्वास ठेवला होता.

भारतात या विषयावरची सर्वांत मोठी लढाई कशावरून झाली? नावावरून. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांना ‘दूध’ म्हणू नये, अशी भूमिका घेतली. दुग्धव्यवसाय त्या बाजूने उभा राहिला, पेयांच्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. नारळाच्या दुधासारख्या रूढ नावांना अर्थातच सूट होती. ती योग्यही आहे, कारण कोकणात आणि गोव्यात नारळाचे दूध सोलकढीत आणि आमटीत जाते. गाईच्या दुधाऐवजी ते कोणी बाळाच्या वाटीत ओतत नाही. शब्दाचा हा खल चालू असताना पेल्यात काय आहे, हा प्रश्न मात्र कोपऱ्यात पडून राहिला. २०१८च्या फोर्टिफिकेशन नियमांत मीठ, तेल, दूध, पीठ आणि तांदूळ या मूलभूत पदार्थांची मानके आहेत. त्यांत दुधासाठी अ आणि ड जीवनसत्त्वांचे प्रमाण ठरलेले आहे आणि तेही ऐच्छिक आहे. २०२२च्या व्हीगन अन्नाच्या नियमांनी प्राणिजन्य घटक नसल्याची खातरजमा केली. दुधाची जागा घेऊ पाहणाऱ्या पेयाने शरीराला किमान काय द्यायलाच हवे, हे मात्र कोणत्याही शिक्क्याने सांगितले नाही.

तो प्रश्न सोडवण्याची किल्ली कोडेक्सच्या त्या एका वाक्यातच आहे. सेंद्रिय पदार्थात जीवनसत्त्वे चालतात, जर ती कायद्याने बंधनकारक असतील. सेंद्रिय बालदुग्धाहारात ती याच आधारावर आजही मिसळली जातात आणि त्याने कोणाच्या सेंद्रियपणाला बाधा आलेली नाही. तेव्हा भारताने एवढेच करावे : दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वनस्पतिजन्य पेयात बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम ठरावीक मर्यादेत मिसळणे सक्तीचे करावे. ते बंधनकारक झाले, की सेंद्रियाची अडचण आपोआप दूर होते. ग्राहकाला माती आणि मज्जातंतू यांतून एकाची निवड करावी लागत नाही. त्याबरोबरच खोक्याच्या दर्शनी बाजूवर प्रथिने, कॅल्शियम, बी-१२ आणि ड यांचे प्रमाण दुधाशी तुलना करून छापावे, आणि लहान मुलांसाठी हे पेय दुधाला पर्याय नाही, असे जेथे खरे असेल तेथे ठळक अक्षरांत लिहावे. पोषणाची तुलना वेष्टनावर द्यावी, अशी शिफारस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ च्या मसुद्यात केलीच आहे. भारताची गरज त्याहून मोठी आहे, म्हणून भारताने शिफारशीवर थांबू नये.

सेंद्रिय चळवळीचा यात पराभव नाही. जमीन आणि शेतकरी यांच्यासाठी ती जे मागते, त्यातला एक शब्दही यासाठी मागे घ्यावा लागत नाही. तिला सोडायचा आहे तो एवढाच आग्रह, की ज्या रेणूची निर्मिती निसर्गाने जिवाणूंवर सोपवली, तो जिवाणूंकडूनच घेऊन पेल्यात घातला, तर पेला बाटतो.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत हाती आलेले खोके उलटे करावे, मागच्या बाजूची बारीक अक्षरांतली सारणी वाचावी आणि बी-१२ची ओळ शोधावी. ती ओळ सापडली नाही, तर पुढच्या बाजूला कितीही हिरवी पाने छापलेली असोत, ते बी-१२ दुसरीकडून घ्यावे लागेल, हे लक्षात ठेवूनच ते विकत घ्यावे. आणि घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते दुधाच्या जागी ठेवू नये.